दोरी काढायला चाळीस वर्षे

खिडकीच्या ब्लाइंडच्या दोरीत अडकून मूल दगावते, तेव्हा घरात बहुधा कोणीतरी असतेच. आई स्वयंपाकघरात असते, बाबा पलीकडच्या खोलीत असतात, आणि मूल दुपारचे झोपले आहे असे दोघेही धरून चाललेले असतात. आवाज काहीच येत नाही. गळ्याला फास बसला की हवा आत जात नाही, तशी बाहेरही येत नाही. त्यामुळे मूल ओरडू शकत नाही, रडूही शकत नाही. 'मुलाकडे लक्ष ठेवा' ही सूचना इथे तोकडी पडते ती यामुळेच. झोपलेल्या मुलावर घरातली माणसे कानानेच लक्ष ठेवत असतात, आणि हा अपघात कानाला कळत नाही.

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेचे स्नायू कच्चे असतात आणि श्वासनलिका मऊ असते. पाळण्याच्या कठड्याला धरून त्याला उभे राहता येते, पण पाय घसरल्यावर स्वतःचे वजन उचलून गळ्यावरचा ताण कमी करणे त्याला सुचत नाही आणि जमतही नाही. ब्रिटनमध्ये अपघात टाळण्यासाठी काम करणारी रोस्पा ही जुनी संस्था पालकांना सांगते की असे मूल १५ सेकंदांत बेशुद्ध पडू शकते आणि दोन-तीन मिनिटांत दगावू शकते. आधणातला चहा उकळून गाळण्याइतकाही हा वेळ नाही.

या प्रश्नाचा सगळ्यात मोठा इतिहास अमेरिकेत आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक खिडकीला ब्लाइंड असते आणि मृत्यूची नोंद ठेवणारी यंत्रणाही आहे. तिथला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग १९७२ च्या कायद्याने स्थापन झाला. या आयोगाच्या हिशेबाने पाच वर्षांखालची सरासरी नऊ मुले दरवर्षी ब्लाइंड, शेड किंवा पडद्याच्या दोरीचा फास बसून मरण पावतात. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात १९९७ साली आलेल्या अभ्यासात १९८१ ते १९९५ या काळातल्या १८३ मृत्यूंचा हिशेब होता, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असावा असे त्याच अभ्यासकांनी बजावले होते. 'पीडियाट्रिक्स'मधला २०१७ चा अभ्यास अधिक विस्तृत आहे. १९९० ते २०१५ दरम्यान सहा वर्षांखालच्या १६,८२७ मुलांना ब्लाइंडमुळे झालेल्या इजांसाठी आपत्कालीन विभागात आणले गेले, असा त्याचा अंदाज आहे. यातल्या बहुतेक इजा खोक पडण्याच्या, ब्लाइंड अंगावर कोसळण्याच्या, म्हणजे बऱ्या होणाऱ्या होत्या. अडकण्याच्या घटना साधारण १२ टक्के. पण याच अभ्यासकांनी आयोगाच्या दुसऱ्या नोंदवह्यांतून १९९६ ते २०१२ मधल्या अडकण्याच्या २३१ घटना वेगळ्या काढल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्यांत दोरी गळ्याभोवती होती, आणि दर तीन मुलांमागे दोन मुले वाचली नव्हती.

एवढ्या मोठ्या देशात वर्षाला नऊ मुले हा आकडा लहान आहे, असे ब्लाइंड बनवणाऱ्यांच्या बाजूने सुचवले जाते. रस्त्यावर आणि पाण्यात कितीतरी जास्त मुले मरतात, हे खरेच आहे. पण रस्त्यावरच्या अपघाताला शंभर कारणे असतात. इथे कारण एकच आहे, ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे, आणि दोरी नसलेले ब्लाइंड दुकानात मिळते. एवढे माहीत असताना मुले मरत राहिली, म्हणून हा प्रश्न मला मोठा वाटतो.

दोरी मूल कसे पकडते हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही, कारण दरवेळी एक वाट बुजवली गेली आणि मुले दुसऱ्या वाटेने गेली.

आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड घ्या. ते वर खेचायच्या दोऱ्या बाजूला लोंबतात. पूर्वी या दोऱ्या खाली एकत्र जोडलेल्या असत, म्हणजे तयार फासच. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांनी तो जोड काढला आणि प्रत्येक दोरीला वेगळे गोंडे लावले. पण सुट्या दोऱ्या एकमेकींत गुंततात, पीळ बसून त्यांचा पुन्हा फास होतो. शिवाय मुले दोरी स्वतःभोवती गुंडाळून घेतात. गळ्यात काहीतरी घालून मिरवणे हा त्या वयातला खेळच आहे. लांब मोकळी दोरी खाली जोडलेली असो वा नसो, ती गळ्याभोवती एक वेढा घेऊ शकते.

याच ब्लाइंडमध्ये दुसरी दोरी असते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पट्ट्यांच्या भोकांतून वरपासून खालपर्यंत ओवलेली ही आतली दोरी पट्ट्या उचलते. पाळणा खिडकीला लागून असेल तर बाळ दोन पट्ट्यांमधून बोटे घालून ती ओढते. बाहेरच्या दोरीचे सैल टोक आत सरकते, पट्ट्यांमधून हातभर फास बाहेर येतो, आणि बाळ त्यात डोके घालते.

रोलर ब्लाइंड आणि उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंडला मण्यांची अखंड साखळी असते. ती गोल असल्याशिवाय चालतच नाही, म्हणून इथे फास हा यंत्रणेचाच भाग आहे. ती साखळी भिंतीला किंवा चौकटीला ताणून धरणारी पकड मिळते. पकड बसवली आणि ती तशीच राहिली तर साखळी गळ्याएवढी सैल होत नाही. रोमन शेडच्या, म्हणजे घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी पडद्याच्या मागच्या बाजूला कड्यांतून ओवलेल्या दोऱ्या असतात. समोरून पाहिले तर साधे कापड दिसते. मूल पडद्यामागे खिडकीकडे शिरते आणि दोन कड्यांमधली दोरी त्याच्या गळ्याशी येते. गुंडाळून वर जाणारे बांबूचे किंवा चटईचे ब्लाइंड दोरीच्या दोन वेढ्यांवर तोललेले असते. वेढा कडेने निसटला की तो मोकळा लोंबू लागतो.

आता कालक्रम. ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकी आयोग आणि ब्लाइंड-उद्योग यांनी मिळून पालकांसाठी पहिला संयुक्त इशारा काढला: दोऱ्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा. १९९४ मध्ये उत्पादक आणि विक्रेत्यांनी सुरक्षा परिषद स्थापन केली, १९९६ मध्ये उद्योगाच्या संघटनेने स्वतःचे ऐच्छिक मानक आणले. त्यात दोरीला लावायच्या इशाऱ्याच्या चिठ्ठ्या होत्या, गोंडे होते, साखळीला पकड होती. दोरी मात्र होती तिथेच होती.

१ नोव्हेंबर २००० रोजी आयोगाने उद्योगाबरोबर मोठा रिकॉल, म्हणजे सदोष माल माघारी बोलावण्याची घोषणा, जाहीर केला. त्या वेळी आयोगाकडे १९९१ पासूनच्या १३० फास-घटनांची नोंद होती: ११४ बाहेरच्या दोरीच्या आणि १६ आतल्या दोरीच्या. त्या १६ घटनांबद्दल आयोगाने जे लिहिले ते मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ही बाळे ९ ते १७ महिन्यांची होती, जवळजवळ सगळी खिडकीजवळच्या पाळण्यात ठेवलेली होती, आणि बहुतेक घटनांत बाहेरची दोरी हाताबाहेर ठेवलेली होती. म्हणजे त्या आईबापांनी १९८५ पासून सांगितले जात होते ते ऐकले होते. चिठ्ठी वाचली होती, दोरी उंच बांधली होती. त्यांना ज्या दोरीबद्दल कोणी सांगितले नव्हते, ती दोरी त्यांच्या बाळाने ओढली.

हे वाचल्यावर 'पालकांचा निष्काळजीपणा' हे उत्तर टिकत नाही. तरीही ते पुढे अनेक वर्षे दिले गेले, आणि अजूनही अशा बातमीनंतर शेजारीपाजारी, नातेवाईक आणि अनोळखी लोकसुद्धा पहिला प्रश्न आईलाच विचारतात: तू कुठे होतीस?

१५ डिसेंबर २००९ रोजी आयोगाने सगळ्या रोमन शेड आणि गुंडाळीच्या ब्लाइंडचा रिकॉल जाहीर केला. एका कंपनीच्या एका नमुन्याचा नव्हे, अख्ख्या प्रकाराचा. संख्या सुमारे ५ कोटी. २००६ पासून रोमन शेडमुळे ५ मृत्यू आणि १६ मुले मरता मरता वाचल्याच्या नोंदी तेव्हा आयोगाकडे होत्या. कॅनडाचे आरोग्य खातेही या घोषणेत सामील होते.

पाच कोटी हा आकडा ऐकून वाटते की दुकानांपुढे रांगा लागल्या असतील, पडद्यांचे ढीग परत आले असतील. तसे काही झाले नाही, कारण २००० चा आणि २००९ चा, दोन्ही रिकॉल दुरुस्तीचे होते. ब्लाइंड परत घ्यायचे नव्हते, पैसेही परत द्यायचे नव्हते. ग्राहकाने परिषदेला फोन करायचा किंवा संकेतस्थळावर मागणी नोंदवायची, मग टपालाने फुकट दुरुस्ती-संच येणार, आणि तो त्याने स्वतः स्टुलावर चढून बसवायचा. आतल्या दोरीसाठीचा संच म्हणजे दोरीत अडकवायचे छोटे अडथळे, ज्यांमुळे दोरी मागे सरकत नाही. कल्पना चांगली आहे. नीट बसवले तर काम करते. पण गाडीचा रिकॉल निघाला की नोंदणी क्रमांकावरून मालकाला पत्र जाते. ब्लाइंडला क्रमांक नसतो, मालकाची नोंद नसते, वर्षे लोटल्यावर त्यावर कंपनीचे नावही वाचता येत नाही. बातमी ऐकली, आपल्या खिडकीवरचे ब्लाइंड त्यातलेच आहे हे ओळखले, फोन केला, संच आला, तो बरोबर बसवला, अशा पाच पायऱ्या सगळ्या घरांनी चढाव्यात ही अपेक्षा कागदावरच राहते. त्यात घर भाड्याचे असेल तर ब्लाइंड मालकाचे आणि मूल भाडेकरूचे. ब्लाइंड वीस वर्षे टिकते. पहिल्या मालकाने रिकॉल ऐकला असला तरी तिसऱ्या भाडेकरूचे बाळ जन्मते तेव्हा ती बातमी कोणाच्या लक्षात नसते.

अमेरिकी कायद्याची आणखी एक अडचण आहे. एखाद्या कंपनीचे नाव घेऊन लोकांना सावध करायचे असेल तर आयोगाला आधी त्या कंपनीला कळवून तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्यात दिवस जातात.

मग आयोगाने सरळ नियमच का केला नाही? १९८१ मध्ये अमेरिकी संसदेने आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती केली. उद्योगाचे ऐच्छिक मानक धोका पुरेसा कमी करत असेल आणि बहुतेक उत्पादक ते पाळत असतील, तर आयोगाने सक्तीचा नियम करू नये, असे त्यात आले. ऐच्छिक मानक लवकर होते, स्वस्त पडते, न्यायालयात अडकत नाही, हा त्यामागचा विचार होता, आणि काही वस्तूंबाबत तो खरा ठरला. ब्लाइंडच्या बाबतीत मात्र मानक लिहिणारी समिती उत्पादकांच्या संघटनेची होती. दर काही वर्षांनी मानक सुधारले जाई, नवी चिठ्ठी आणि नवी चाचणी येई, आणि 'सुधारणा चालू आहे' एवढ्यावर सक्तीचा नियम पुढे ढकलला जाई.

या ढकलाढकलीला आव्हान दिले ते मूल गमावलेल्या घरांनी. 'पेरेंट्स फॉर विंडो ब्लाइंड सेफ्टी' ही संस्था २००२ मध्ये आपली मुलगी गमावलेल्या एका आईने उभारली. अशा दुःखातून आलेली माणसे बहुधा गप्प होतात. या बाई दशकानुदशके समित्यांसमोर बसल्या, दोरीच्या जाडीवर आणि चाचणीच्या वजनांवर बोलल्या. २०१३ च्या मे महिन्यात या संस्थेने ग्राहक संघटनांसोबत आयोगाकडे याचिका केली: दोरीविना चालणारी रचना जिथे शक्य आहे तिथे दोरीवर बंदी घाला. आयोगाने २०१४ मध्ये याचिका मान्य केली आणि २०१५ च्या जानेवारीत नियम करण्याची प्रक्रिया सुरू केली.

बाजारावर दाब आला. आयकियाने २०१६ पासून दोरीचे ब्लाइंड विकणे बंद केले, पाठोपाठ अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी तशीच वचने दिली. शेवटी उद्योगाच्या मानकातही बदल झाला. १५ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या आवृत्तीने तयार मापाच्या, दुकानात खोक्यात मिळणाऱ्या ब्लाइंडसाठी तीनच पर्याय ठेवले: दोरी नाही, किंवा दोरी मुलाच्या हाताला लागूच शकत नाही, किंवा दोरी ८ इंचांपेक्षा लांब नाही. उद्योगाच्याच म्हणण्याप्रमाणे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडपैकी ८० टक्क्यांहून अधिक या प्रकारातली आहेत. तेहतीस वर्षे चिठ्ठ्या चिकटवल्यानंतर, गाभ्याचे काम एका आवृत्तीत झाले. ते आधी का झाले नाही याला तंत्रज्ञानाचे उत्तर नाही. आत स्प्रिंग असलेले, खालून हाताने उचलायचे ब्लाइंड त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात होते. फक्त ते थोडे महाग होते.

राहिली ती मागणीप्रमाणे मापात बनवलेली ब्लाइंड. यांना २०१८ च्या सक्तीतून मोकळीक मिळाली. उद्योगाचे म्हणणे असे की खूप रुंद किंवा जड ब्लाइंड स्प्रिंगवर चालत नाही, आणि उंच खिडकी उघडायला वृद्धांना, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना दोरी लागतेच. दुसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि तो केवळ निमित्त म्हणून झटकू नये. पण खांद्याइतक्या उंचीवर संपणारी ताठ दांडी आणि रिमोटवर चालणारी मोटर ही त्याची उत्तरे आहेत. ज्या घरात ती परवडत नाहीत तिथे किमतीचा प्रश्न खरा आहे, पण तो किमतीचा प्रश्न म्हणूनच मांडायला हवा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने एकमताने दोन नियम केले. एकाने तयार मापाच्या ब्लाइंडचे २०१८ चे मानक कायद्याच्या बळाने लागू झाले, म्हणजे ते न पाळणारा माल आपोआप धोकादायक ठरून रोखता येऊ लागला. दुसऱ्याने मापात बनवलेल्या ब्लाइंडवरही जवळपास तीच बंधने आली. उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसरा नियम रद्द केला. कारणे वाचण्यासारखी आहेत. ज्या घटनांच्या नोंदींवर आयोगाने भिस्त ठेवली त्या त्याने हरकती मागवताना खुल्या केल्या नव्हत्या; खर्च आणि लाभाचा हिशेब सदोष होता; आणि अंमलासाठी दिलेली सहा महिन्यांची मुदत कशाच्या आधारावर ठरवली ते सांगितले नव्हते. दोरी सुरक्षित आहे असे न्यायालय कुठेही म्हणाले नाही. नियम करण्याची रीत चुकली, असे म्हणाले. पण परिणाम एकच: मापात बनवलेली ब्लाइंड पुन्हा ऐच्छिक मानकाखाली आली. त्या मानकाची नवी आवृत्ती १ जून २०२४ पासून लागू आहे. तिने मोकळ्या लोंबत्या दोरीला मनाई केली, मात्र ताणून बसवलेल्या साखळीला जागा ठेवली. साखळी ताणलेली राहणे पुन्हा बसवणाऱ्याच्या हातात आले.

कॅनडाने वेगळी वाट धरली. तिथे घरोघरच्या सगळ्या ब्लाइंडना, तयार असोत की मापाची, एकच सक्तीचा नियम आहे: मुलाच्या हाताला लागणारी दोरी २२ सेंटीमीटरपेक्षा लांब नको, आणि ओढून होणाऱ्या फासाचा घेर ४४ सेंटीमीटरपेक्षा मोठा नको. सहा-नऊ महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण तेवढाच असतो. त्याहून लहान फासातून डोके आत जात नाही. नियमाच्या मागे मुलाचे शरीर आहे, हे मला आवडते. हा नियम येण्याआधी तिथेही उद्योगाने 'बाजार बंद पडेल' अशी भीती घातली होती. कॅनडात आजही खिडक्यांना ब्लाइंड लागतात.

ऑस्ट्रेलियाने आणखी एक गोष्ट ओळखली: विकलेले ब्लाइंड सुरक्षित असले तरी ते बसवणारा चुकू शकतो. म्हणून तिथले मानक बसवण्याच्या सेवेलाही लागू आहे. जमिनीपासून १.६ मीटरच्या आत २२ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा फास तयार होता कामा नये, आणि याची जबाबदारी कारागिरावरही आहे. युरोपात २०१४ च्या सुधारित मानकांनी सुरक्षेची पकड ब्लाइंडबरोबरच देणे आणि ठरावीक वजनाखाली फास सुटून येणे अशा अटी घातल्या.

या चार-पाच देशांच्या अनुभवाशेजारी अमेरिकेचेच दोन जुने अनुभव ठेवावेत. पूर्वीच्या फ्रीजला बाहेरून कडी असायची. लपाछपी खेळणारी मुले टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये शिरत, दार बंद होई आणि ती आत गुदमरत. १९५६ मध्ये संसदेने कायदा केला की फ्रीजचे दार आतून ढकलल्यावर उघडले पाहिजे. १९५८ पासून तो लागू झाला. कंपन्यांनी चुंबकाचे दार आणले, ते आज आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे, आणि फ्रीजकडे लक्ष ठेवायला आज कोणी आईला सांगत नाही. दुसरा अनुभव मुलांच्या कपड्यांतल्या नाड्यांचा. टोपीची किंवा कमरेची नाडी घसरगुंडीत, बसच्या दारात अडकून मुले मरत. १९९७ च्या ऐच्छिक मानकाने मुलांच्या कपड्यांतल्या मानेजवळच्या नाड्या काढल्या आणि कमरेच्या नाड्यांवर मर्यादा घातली. आयोगाच्या मोजणीप्रमाणे मानेच्या नाड्यांचे मृत्यू ७५ टक्क्यांनी घटले, कमरेच्या नाड्यांचे पूर्ण थांबले. तेही ऐच्छिकच मानक होते. फरक एवढाच की त्याने गळ्याशी येणारी नाडीच काढली, नाडीला चिठ्ठी बांधली नाही. म्हणून 'ऐच्छिक की सक्तीचे' या वादापेक्षा वस्तूतून धोका काढला की धोक्याची सूचना दिली, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

मराठी घरांचा या प्रश्नाशी दोन ठिकाणी थेट संबंध येतो. पहिले ठिकाण अमेरिकेत. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला मुलगी-जावई भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, बाळंतपणासाठी आई सहा महिने जाते. खिडक्यांवरचे ब्लाइंड घरमालकाचे, बहुधा २०१८ पूर्वीचे. आजीला बाळाच्या गळ्यातला काळा दोरा झोपताना काढायचे ठाऊक असते, झोळीत बाळ एकटे सोडायचे नाही हेही ठाऊक असते. पण पट्ट्यांतून ओवलेली आतली दोरी तिने आयुष्यात पाहिलेली नसते. सूर्यप्रकाश मिळावा म्हणून पाळणा खिडकीजवळ ठेवण्याची आपली हौस इथे घातक ठरू शकते. मालकाला लेखी पत्र पाठवून दोरीविना ब्लाइंड मागता येते. कितीतरी मालक ते लगेच बदलून देतात, कारण तयार मापाचे नवे ब्लाइंड स्वस्त असते आणि अपघाताचा दावा स्वस्त नसतो. भाडेकराराच्या भीतीने जे गप्प राहतात त्यांना मी आग्रहाने सांगेन की हे पत्र आज पाठवा. आणि नवे ब्लाइंड येईपर्यंत पाळणा, पलंग, सोफा, चढता येईल असे काहीही त्या खिडकीपासून दूर हलवा.

दुसरे ठिकाण पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या नव्या सदनिका. साध्या दांडीवरच्या पडद्यांची जागा रोलर आणि झेब्रा ब्लाइंडने घेतली आहे, बाल्कनीत बांबूचे चिक आले आहेत. मण्यांची साखळी जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबते. भिंतीला बसवायची पकड कित्येकदा खोक्यातच राहते, कारण कारागिराला आणखी दोन भोके पाडायची नसतात आणि ताणलेली साखळी ओढायला थोडी जड वाटते म्हणून घरच्यांनाही ती नको असते. पैसे देण्याआधी पकड बसवून घ्यावी, आणि साखळीच निवडायची नसेल तर स्प्रिंगचे किंवा दांडीचे ब्लाइंड मागावे. बांबूच्या चिकाची दोरी दीड मीटरहून उंच खुंटीला आठ आकड्यात गुंडाळावी. हे रोज करायचे काम आहे आणि रोज होत नाही, म्हणून लहान मूल असलेल्या घरात बाल्कनीत दोरीचे चिक नसलेलेच बरे.

कायद्याचे हत्यार आपल्याकडेही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन केले आणि धोकादायक वस्तू परत मागवण्याचा, ग्राहकांना पैसे परत करायला लावण्याचा अधिकार त्याला कलम २० ने दिला. याच कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक आणि विक्रेता या दोघांनाही जबाबदार धरणारे वेगळे प्रकरण आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने सक्तीचे मानक न पाळणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घेऊन पैसे द्यायला ॲमेझॉनला सांगितले आणि १ लाख रुपये दंड केला. कुकरबद्दल हे जमले कारण त्याला सक्तीचे मानक होते. खेळण्यांनाही जानेवारी २०२१ पासून आहे. मूल ज्या खोलीत खेळण्याशी खेळते, त्याच खोलीतल्या साखळीलाही मानक लागू व्हावे ही मागणी महाराष्ट्रातल्या ग्राहक संघटनांनी उचलावी, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे. आपल्याला १९८५ पासून सुरुवात करायची गरज नाही. कॅनडाचे २२ आणि ४४ सेंटीमीटर तयार आहेत.

मानकाचा उपयोग ऑनलाइन बाजारात किती होतो, हे अमेरिकेत दिसते आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये आयोगाने संकेतस्थळांवरून विकल्या गेलेल्या, मुख्यतः चीनमधून आलेल्या कितीतरी ब्लाइंडबद्दल इशारे आणि रिकॉल काढले, कारण त्यांना नियमात न बसणारी लांब दोरी किंवा साखळी होती. नियम नसता तर हा माल रोखायला प्रत्येक वेळी त्याचा धोका वेगळा सिद्ध करावा लागला असता.

आणि म्हणून नोंद हवी. मूल अडकले पण कोणीतरी वेळेवर पाहिले, कातरीने दोरी कापली, गळ्यावर वळ राहिला, दोन दिवसांनी तोही गेला, अशा घटना कुठेच लिहिल्या जात नाहीत. घरातही त्या बोलल्या जात नाहीत. आईला अपराधी वाटते, आजी म्हणते विषय नको. पण २०२३ च्या निकालात मापाच्या ब्लाइंडचा नियम ज्या कारणांनी पडला त्यात घटनांच्या नोंदी खुल्या न करणे हे पहिले कारण होते; वाद अखेर नोंदींवरच येतो. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आयोगाचे सेफरप्रॉडक्ट्स डॉट गव्ह हे संकेतस्थळ २०११ पासून खुले आहे, तिथे वाचलेल्या मुलाचीही घटना नोंदवता येते. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना ब्लाइंडचा प्रकार, विकत घेतल्याचे साल, दुकान किंवा संकेतस्थळ, दोरी कोणती होती आणि जमिनीपासून किती उंचीवर होती एवढे लिहावे, आणि ब्लाइंड फेकून देण्याआधी त्याची दोन-चार छायाचित्रे काढून ठेवावीत.